पाण्यातून वर येताना भरलेली दाढ ठणकते: फिलिंगचा आणि दाबाचा संबंध काय?

लाटावली

नमस्कार मंडळी,

चार वर्षं झाली स्कूबा डायव्हिंग करते आहे. आजवर कानांनी अधूनमधून कुरकुर केली, बाकी कशाचा त्रास नव्हता. आता दाढेचा सुरू झालाय.

मागच्या महिन्यात तीन दिवसांत सात डाइव्ह झाले. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी १८ मीटरवरून वर येत होते. साधारण सात-आठ मीटरवर आले आणि डावीकडची खालची शेवटून दुसरी दाढ ठणकायला लागली. नऊ वर्षांपूर्वी ती भरून घेतली होती, चांदी भरलेली. वर येताना पाच मीटरला थोडा वेळ थांबायचं असतं, त्या सेफ्टी स्टॉपची तीन मिनिटं कशीबशी काढली. माउथपीस त्या बाजूने चावून धरवेना, म्हणून उजव्या दातांत धरून ठेवलं. बोटीवर चढले आणि दहाएक मिनिटांत सगळं शांत! तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तेही वर येतानाच. खाली जाताना अजिबात काही नाही. जमिनीवर गार पाणी प्या, कडक काही चावा, दाढ हूं की चूं करत नाही.

डेंटिस्टकडे जाऊन आले. त्यांनी आरसा घालून पाहिलं, दाढेवर टकटक केली आणि "फिलिंग घट्ट आहे, काळजी करू नका" म्हणाले. मी डायव्हिंग करते हे सांगायचं मला सुचलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पाच आठवड्यांनी पुढची ट्रिप आहे. हे फिलिंगमुळेच होत असेल का? काढून नवीन भरून घ्यावं का? पाण्याखाली फिलिंग निघून पडलं तर? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बुडबुडा

अगदी असंच मला एकदा झालं होतं, पण वरच्या दाढेला आणि खाली जाताना. वाचतोय.

मोजपट्टी

दातांतलं मला काही कळत नाही, पण शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून आकड्यांपुरतं लिहितो.

बॉईलचा नियम १६६२ पासून आपल्याकडे आहे: तापमान तेच असेल तर वायूवरचा दाब दुप्पट केला की त्याचं आकारमान निम्मं होतं. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक ॲटमॉस्फिअर दाब वाढतो. वर हवेचा एक असतोच, म्हणजे १८ मीटरवर २.८ झाला. तिथून ८ मीटरवर आलात की १.८. तेवढ्या १० मीटरमध्ये अडकलेली हवा दीडपटीला थोडी जास्त फुगते. पण ८ मीटरवरून पृष्ठभागावर येताना, म्हणजे त्याहून कमी अंतरात, तीच हवा १.८ पट होते. तुमची दाढ बरोबर सात-आठ मीटरला बोलायला लागली, ते याच्याशी जुळतं. सगळ्यात मोठा फरक पृष्ठभागाजवळच पडतो.

विमानाचा हिशोब याच्यापुढे सौम्य आहे. प्रवासी विमान कितीही उंच उडो, केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८००० फुटांवरच्या हवेइतकाच उतरू देतात. तो जमिनीवरच्या दाबाच्या साधारण पाऊण असतो, म्हणजे हवा एक तृतीयांशाने फुगते.

तेव्हा माझा अंदाज असा: फिलिंग भरताना खाली छोटीशी पोकळी राहिली असणार, आणि त्यातली हवा फुगते आहे.

शंकासुर

@मोजपट्टी, सर, एक शंका. ती पोकळी चारी बाजूंनी बंद असेल तर बाहेरचा दाब बदललेला तिला कळणार कसा? दात काही फुगा नाही. आत एक ॲटमॉस्फिअरची हवा कोंडलेली, बाहेर पाण्यात २.८, दात दगडासारखा कडक, तो काही चेपणार नाही. वर आल्यावर पुन्हा दोन्हीकडे एकच. मग वर येतानाच दुखावं का?

मोजपट्टी

@शंकासुर, बरोबर पकडलंत. पोकळी पूर्ण बंद असेल तर माझं स्पष्टीकरण टिकत नाही. कुठून तरी फट हवी.

दंतकथा

मी दातांची डॉक्टर आहे. रोज खुर्चीशेजारी उभी असते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

शंकासुरांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. धडधाकट दात आणि कडेपर्यंत नीट चिकटलेलं फिलिंग यांना दाबाशी काही देणंघेणं नसतं. सगळा खेळ फटीचा. जुन्या फिलिंगची कड वर्षानुवर्षं चावून, गार-गरमाने प्रसरण-आकुंचन होऊन दातापासून किंचित सुटते. तुम्ही ४० मिनिटं पाण्याखाली असता तेव्हा तोंडातली दाबाखालची हवा त्या केसाएवढ्या फटीतून हळूहळू आत मुरते. खाली सगळं समसमान, म्हणून दुखत नाही. वर यायला लागलात की आतली हवा फुगते, पण ज्या वाटेने ती पाऊण तास शिरत होती त्या वाटेने पाच मिनिटांत बाहेर पडू शकत नाही. खाली डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. तो जरा हलला तरी आतल्या नसेला कळतं.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी नसेची. फटीतून हवा जाते तिथून जंतूही जातात. फिलिंगखाली पुन्हा कीड लागली की नस सुजते. तिला सुजायला जागा नाही, चहूबाजूंनी कडक भिंती. अशी चिडलेली नस जमिनीवर गप्प बसते आणि दाब बदलला की ठणकते. मला तरी पेशंटमध्ये नुसत्या हवेपेक्षा हेच जास्त दिसतं.

या दुखण्याला बॅरोडोंटाल्जिया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या तक्रारींमुळे याकडे नीट लक्ष गेलं, तेव्हा नाव होतं एरोडोंटाल्जिया. पाणबुड्यांनाही हेच होतं असं दिसल्यावर 'बॅरो', म्हणजे दाब, हा शब्द आला. नाव काहीही असो, हे दुखणं म्हणजे लक्षण आहे. दाबाने आजार निर्माण होत नाही. आत जे आधीच बिघडलेलं असतं ते दाब उघड करतो.

दुखणं कधी आणि कसं येतं यावरून बरंच कळतं. वर जाताना क्षणभर तीक्ष्ण सणक आली तर नस फार सुजलेली असण्याची शक्यता. वर जाताना मंद ठणका आला तर खोल कीड किंवा सुजलेली पण अजून वाचवता येण्यासारखी नस. खाली येताना मंद ठणका आला तर बहुधा नस मेलेली. आणि वर-खाली दोन्ही वेळा जोरात दुखून नंतरही दुखत राहिलं तर मुळाच्या टोकाशी पू किंवा गाठ. इथे 'वर जाणं' म्हणजे दाब कमी होणं, मग विमानाने चढा किंवा पाण्यातून वर या.

लाटावली, तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. इथून निदान करणं बरोबर नाही, पण कृपया पुन्हा जा. एक्स-रे काढून घ्या. आणि आत पाऊल टाकताच पहिलं वाक्य हे बोला: मी डायव्हिंग करते आणि वर येताना ही दाढ दुखते. टकटक केल्याने मुळाशी सूज आहे का तेवढं कळतं. फिलिंगची कड सुटली आहे का ते कळत नाही.

मोरपंखी

डॉक्टर, 'दंतकथा' हे नाव आज सार्थकी लागलं. प्रतिसाद जपून ठेवते आहे.

गगनवेडी

मी केबिन क्रू आहे, अकरा वर्षं उडते आहे. माझी गोष्ट सांगते, कारण माझ्यासारखं कुणाचं होऊ नये असं फार वाटतं.

तीन वर्षांपूर्वी सर्दी अंगावर काढून ड्युटी करत होते. विमान उतरायला लागलं की उजवीकडच्या वरच्या दाढांत असह्य कळ यायची. एकदा तर लँडिंगआधी जंपसीटवर पट्टा लावून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोरच्या रांगेतल्या आजींनी आपला रुमाल पुढे केला. त्या दाढांपैकी एकीत जुनं फिलिंग होतं. मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी ते पाहिलं आणि त्या दाढेचं रूट कॅनाल केलं. दोन आठवड्यांनी पुन्हा ड्युटी, पुन्हा तीच कळ, त्याच जागी.

मग दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी तोंडात बघायच्या आधी चार प्रश्न विचारले. चढताना दुखतं की उतरताना? एक दाढ की दोन-तीन? सर्दी होती का? खाली वाकलं की वाढतं का? मी म्हटलं उतरताना, दोन-तीन, हो, हो. त्या म्हणाल्या, "हे दाताचं नाही, सायनसचं, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचं आहे." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. उपचार झाले, कळ गेली. ती दाढ मात्र तेव्हापासून नसेविना आहे, आणि तिला कॅपही बसवावी लागली.

@बुडबुडा, वरची दाढ, खाली जाताना! तुम्हीही आधी सायनस दाखवून घ्या.

बुडबुडा

@गगनवेडी ताई, तेव्हा सर्दी होतीच! कान मोकळे होत होते, म्हणून उतरलो होतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

तर्कट

गगनवेडी यांच्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं. तरी 'वरची दाढ, खाली जाताना, म्हणजे सायनस' हे इतकं सरसकट घेऊ नये. वरच्या दाढेच्या मुळाशी झालेल्या संसर्गाने सायनस बिघडल्याची केस माझ्या घरात आहे. तिथे नाकाचे थेंब कितीही घाला, मूळ दुखणं दातात.

दंतकथा

तर्कट यांच्याशी सहमत. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, काहींची तर मध्ये कागदाएवढंच हाड ठेवून. म्हणून त्रास दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. पण गगनवेडींना विचारलेले चार प्रश्न लाखमोलाचे आहेत. मी ते माझ्या सहायकांना शिकवणार आहे.

खालच्या दाढेच्या बाबतीत ही भानगड नाही, खाली सायनस नसतं. म्हणून लाटावलींच्या दाढेकडे मी जास्त संशयाने बघते आहे.

खोलपाणी

निवृत्त पाणबुड्या. बावीस वर्षं तेलविहिरींच्या कामावर सॅच्युरेशन डायव्हिंग केलं. तुम्हा हौशी मंडळींचं एक तासाचं पाणी, आमचं एकेक महिन्याचं. जहाजावरच्या बंद कक्षात कामाच्या खोलीइतक्याच दाबाखाली राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं आणि घंटेत, म्हणजे खाली सोडतात त्या बंद डब्यात, बसून कामाला खाली जायचं. हवेऐवजी हेलियम आणि ऑक्सिजन. काम संपलं की दाब उतरवायला दर ३० मीटरला साधारण एक दिवस. म्हणजे दुखायला लागलं तर दार उघडून डॉक्टरकडे जाता येत नाही. दार उघडायलाच कित्येक दिवस लागतात.

हेलियमचे कण फार बारीक. जिथे हवा शिरणार नाही तिथे तो शिरतो. माझ्या एका सोबत्याचं फिलिंग दाब उतरवण्याच्या दुसऱ्या दिवशी पोपडा निघावा तसं निघालं. तुकडा हातावर घेऊन त्याने आम्हाला दाखवला. खालची बाजू काळी, भुसभुशीत. दुखायचं थांबलं म्हणून तो खूश होता, कारण कोंडलेलं मोकळं झालं होतं.

माझी स्वतःची कॅप निघाली होती. खाली काम करताना नाही, कक्षात झोपेत. जाग आली तेव्हा ती जिभेखाली होती. घशात गेली असती तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांनी जुनं सिमेंट खरवडून काढलं आणि दुसऱ्या जातीचं घातलं. त्यानंतर नऊ वर्षं खाली गेलो, ती कॅप हलली नाही.

दरवर्षी दातांची तपासणी केल्याशिवाय खाली जायचं नाही हा नियम मी स्वतःला घातला तो त्या रात्रीपासून.

दंतकथा

खोलपाणी काका, तुमची कॅप बहुधा झिंक फॉस्फेट सिमेंटवर बसवलेली असणार. जुनं, भरवशाचं सिमेंट, पण त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. दाब वारंवार चढवून-उतरवून केलेल्या प्रयोगांत झिंक फॉस्फेट आणि ग्लास आयनोमर या दोन्हींची पकड कमी झालेली दिसली. रेझिन सिमेंटची तशी कमी झाली नाही. म्हणून पाणबुड्या किंवा वैमानिक पेशंट असेल तर कॅप आणि ब्रिजसाठी रेझिन सिमेंट बरं. पण पेशंट पाणबुड्या आहे हे आम्हाला आधी कळायला तर हवं! काय काम करता हे सांगा, असं पेशंटना दाताच्या कण्या करून सांगते मी.

चांदणं

मग सरळ सगळीच जुनी चांदीची फिलिंग काढून पांढरी भरून घ्यावीत ना? माझी चार आहेत, मी डायव्हिंग शिकायला लागणार आहे. आधीच काढून टाकलेली बरी.

शंकासुर

मलाही तेच योग्य वाटतं. धोका कशाला ठेवायचा?

दंतकथा

नका करू. मनापासून सांगते, नका करू. चांगलं बसलेलं फिलिंग काढताना दरवेळी थोडा निरोगी दातही जातो. खड्डा मोठा होतो, नसेच्या जवळ जातो, आणि जी नस शांत होती ती चिडते. ट्रिपच्या तोंडावर हे केलंत तर ज्या दुखण्याला घाबरत होतात ते स्वतःच्या हाताने ओढवून घ्याल.

पांढऱ्या कॉम्पोझिटला दाबाचं काही होत नाही असंही नाही. ते दाताला चिकटतं, हा त्याचा मोठा गुण. पण दिव्याखाली कडक होताना ते आकसतं. थराथराने नीट भरलं नाही तर कडेला किंवा तळाशी फट राहते. चांदी असो की कॉम्पोझिट, बघायचं ते कडेकडे आणि खाली कीड आहे का याकडे.

एक प्रयोग सांगते. १९८३ साली काल्डर आणि रॅम्सी यांनी काढून टाकलेले दात दाबकक्षात ठेवले आणि दाब झपाट्याने उतरवला. ज्या दातांना इजा झाली त्यांची अमाल्गम, म्हणजे चांदीची, फिलिंग कडेने गळकी होती. नुसते किडलेले पण कधीच न भरलेले दात शाबूत राहिले. कारण उघड्या खड्ड्यात हवा कोंडत नाही, येते तशी जाते. दात असा तडकण्याला त्यांनी ओडोंटोक्रेक्सिस म्हटलं. एवढ्या वेगाने कुणी माणूस वर येत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण अर्धवट झाकलेला खड्डा उघड्या खड्ड्यापेक्षा वाईट, एवढं त्यातून घ्यावं.

@चांदणं, चारही फिलिंगचे एक्स-रे काढा, कडा तपासून घ्या. चांगली असतील तर तशीच राहू द्या.

उंचसखल

छोटं विमान चालवतो. केबिनला दाब नाही, बाहेर जो असेल तोच आत. ९-१० हजार फुटांवर गेलो की खालच्या एका दाढेत मंद ठणका येतो, सहा महिने होतोय. उतरलं की जातो. वैद्यकीय तपासणीत सांगितलं तर उडणं बंद करतील अशी भीती आहे. मी उड्डाणाआधी वेदनाशामक गोळी घेतो. अजून तरी काम चाललंय.

गगनवेडी

दादा, रागावू नका, पण हे फार चुकीचं आहे. तुमच्या मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला ही गोळी माहीत आहे का? मी ११ वर्षं बघते आहे, दुखणं लपवणारे लोक शेवटी जास्त दिवस घरी बसतात.

खोलपाणी

गगनवेडीला शंभर टक्के अनुमोदन. गोळीने ठणका दबतो, कीड दबत नाही. आज मंद आहे. उद्या ऐन लँडिंगला सणक आली तर हात कुठे असतील तुमचे?

दंतकथा

@उंचसखल, थोडं हिशोबात बघू या. आज हा मंद ठणका आहे, म्हणजे बहुधा नस वाचेल: एक फिलिंग, आणि भूल दिली असेल तर २४ तास उड्डाण नाही. आणखी सहा महिने गोळीवर काढलेत तर रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. शस्त्रक्रिया झाली तर सात दिवस. हे २४ तास आणि सात दिवस माझ्या मनाचे नाहीत. एफडीआय, म्हणजे दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेचा हा सल्ला पाणबुड्यांसाठी आणि दाब नसलेल्या केबिनमध्ये उडणाऱ्यांसाठी आहे. वर्षातून एकदा तपासणी, हाही त्यातलाच भाग. तुम्ही बंदीला घाबरता आहात, पण उपचाराने फार तर काही दिवस जातील.

उंचसखल

वाचलं. दोनदा वाचलं. उद्याची अपॉइंटमेंट घेतली आहे. शनिवारचं उड्डाण रद्द केलं.

मोरपंखी

शाब्बास!

प्राणवायू

मी हायपरबॅरिक, म्हणजे जास्त दाबाच्या, कक्षात नर्स आहे. आमच्याकडे जखमा भरून येत नाहीत असे पेशंट येतात, त्यांना २ ते २.५ ॲटमॉस्फिअरला शुद्ध ऑक्सिजन देतो. पाणी नाही, विमान नाही, तरी दातदुखीचे पेशंट दिसतात. म्हणून आत घेण्याआधी विचारतेच: हल्ली दात भरलाय का, तात्पुरतं सिमेंट आहे का, कवळी आहे का. सुटणारी कवळी बाहेर ठेवायला सांगते.

दाब चढवताना कुणी गालावर हात ठेवला की आम्ही थांबतो. थोडं मागे येतो, विचारतो, मग अगदी हळू पुढे. उतरवतानाही तसंच. 'जरा कळ काढा' असं आम्ही कधीही म्हणत नाही. पाण्यातल्या लोकांनीही हेच करावं असं वाटतं, जाणकारांनी सांगावं.

खोलपाणी

@प्राणवायू, बरोबर. खाली जाताना दुखलं तर थांबा, थोडं वर या, आणि थांबलं नाही तर त्या दिवशीचा डाइव्ह सोडा. वर येताना दुखलं तर टाकीत हवा पुरेशी असेल तर एखाद-दोन मीटर खाली जा, ठणका उतरू द्या, मग नेहमीपेक्षा हळू वर या. सोबत्याला गालाकडे बोट दाखवून सांगा. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. दाताचं दुखणं सहन होतं. फुप्फुसात कोंडलेली हवा माणूस मारते. दाढेच्या नादात हे विसरू नका.

वाटसरू

अवांतर विचारतो. माझं रूट कॅनाल दोन बैठकांत चाललंय. मध्ये विमानप्रवास आहे, चालेल का? आणि तिकडे पोचल्यावर डाइव्ह करायचा मोह आहे.

दंतकथा

प्रवासी म्हणून जायला हरकत नसते, पण वरचं तात्पुरतं फिलिंग घट्ट आहे ना आणि दुखत नाही ना, हे निघण्याआधी दाखवून घ्या. डाइव्ह मात्र नको. रूट कॅनाल अर्धवट असताना वाट मुळाच्या टोकापर्यंत मोकळी असते. वरचं तात्पुरतं सिमेंट सुटलं तर दाबाखालची हवा मुळातून बाहेर, गालाच्या मऊ भागात शिरू शकते. गाल फुगतो, हात लावला तर त्वचेखाली चुरचुर आवाज येतो. पूर्ण होऊन पक्कं फिलिंग होईपर्यंत थांबा.

बुडबुडा

मलाही एक विचारायचं आहे. डाइव्हनंतर दोन्ही बाजूंचे दात आणि कानाजवळचा सांधा आवळल्यासारखा होतो. हे पण दाबाचंच का?

लाटावली

@बुडबुडा, हे मला माहीत आहे! तुम्ही माउथपीस फार जोरात चावताय. माझ्या इन्स्ट्रक्टरने पहिल्याच आठवड्यात ओरडून सांगितलं होतं की ओठांनी धर, दातांनी फक्त आधार दे. माउथपीस मोठं असेल तर बदला, जबड्याला आराम पडतो.

चांदणं

टाकीतल्या गार, कोरड्या हवेने दात शिवशिवतात ते वेगळंच ना?

दंतकथा

हो, वेगळंच. हिरड्या उतरून दातांची मान उघडी पडली असेल तर ती हवा झोंबते, पण ते डाइव्हभर होतं आणि बऱ्याच दातांना होतं. एकाच दाढेला, ठराविक खोलीवर, दरवेळी होतं ते दाबाचं.

लाटावली

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. धाग्याचा मूळ प्रश्न माझा होता, तेव्हा उत्तरही मीच आणते.

दुसऱ्या डेंटिस्टकडे गेले आणि दंतकथा म्हणाल्या होत्या ते वाक्य खुर्चीत बसायच्या आधी बोलले. त्यांनी लगेच विचारलं, "किती मीटरला?" तिथेच मला धीर आला. एक्स-रे काढला. स्क्रीनवर चांदी पांढरीशुभ्र दिसत होती आणि तिच्या खाली, मागच्या बाजूला, नखाच्या चंद्रकोरीएवढी काळी सावली. मग टोकदार सळई कडेवरून हळूच फिरवली. तीन बाजूंनी ती गुळगुळीत गेली, चौथ्या बाजूला टचकन अडकली. तो आवाज मला स्वतःला ऐकू आला. गार लावून पाहिलं तर नस जिवंत, प्रतिसाद जरा जास्तच जोरात, पण गार काढल्याबरोबर थांबला. म्हणाले, "वाचेल."

भूल देऊन फिलिंग काढलं. खाली मऊ, तपकिरी कीड होती, नसेपासून थोडीच लांब. ती काढली आणि झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं तात्पुरतं औषध भरलं. तोंडभर लवंगेचा वास. हे औषध चिडलेल्या नसेला शांत करतं म्हणे. पण युजेनॉल कॉम्पोझिटला नीट कडक होऊ देत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी ते सगळं स्वच्छ काढलं, तळाशी वेगळा थर दिला आणि मग थराथराने पक्कं फिलिंग. जुन्या चांदीचा तुकडा मी मागून घेतला. खोलपाणी काकांनी सोबत्याच्या तुकड्याचं सांगितलं होतं तसंच, खालची बाजू काळी.

ट्रिपला अजून थोडे दिवस आहेत. डॉक्टर म्हणाले, आधी एक उथळ डाइव्ह करा.

उंचसखल

माझंही झालं. कीड होती, नस वाचली. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचं पत्र मागितलं, वाचलं आणि नवव्या दिवशी उड्डाणाला परवानगी दिली. काल १०,००० फुटांवर अर्धा तास होतो. गोळी न घेता.

गगनवेडी

दादा, वाचून फार बरं वाटलं.

लाटावली

आज परत आले. पहिला डाइव्ह मुद्दाम ८ मीटरचा केला, मग १२, मग १८. वर येताना सात मीटरला मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे बघत जीव मुठीत धरून थांबले. सोबतिणीला आधीच सांगून ठेवलं होतं, ती माझ्या गालाकडेच बघत होती. काही नाही. पाच मीटरला तीन मिनिटं, माउथपीस दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

उद्या रात्री विमान आहे. डाइव्हनंतर लगेच उडायचं नसतं, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास होऊन जातील, ते मोजलंय.

दंतकथा

छान! सहा महिन्यांनी एक एक्स-रे काढा, नस शांत राहिली आहे का ते बघायला.